मानसरोवराला जावं, की तिबेटसाठी थांबावं?

पत्र इंदूरच्या एका बाईंचं आहे. त्यांचं वय ५९, यजमान ६३ वर्षांचे, अलीकडेच निवृत्त झालेले. लग्न झाल्यापासून दोघांच्या मनात कैलास-मानसरोवर आहे. २०२० मध्ये जायचं ठरवलं, तर यात्राच बंद पडली. यंदा काठमांडूच्या एका यात्रा कंपनीकडे पहिला हप्ता भरलाय: नेपाळ सीमेलगतच्या केरुंगमार्गे गाडीने, चौदा दिवस, मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला. दुसरा हप्ता फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे. बंगळूरला नोकरी करणारी मुलगी संक्रांतीला घरी आली आणि म्हणाली, "ज्यांनी तिबेटवर कब्जा केला त्यांनाच तुम्ही एवढे पैसे नेऊन देणार? गेल्या वर्षी तुर्कस्तानची सहल रद्द करताना बाबा देशाभिमानाच्या गोष्टी सांगत होते. मग आता?" यजमानांचं उत्तर तयार होतं: "तिच्या हातातला फोन कुठे बनलाय ते विचार तिला." बाई लिहितात, "आम्ही फिरायला नाही, दर्शनाला चाललोय. देवाच्या दारी राजकारण कशाला? अहिल्यामाईंनी काशीचं देऊळ बांधताना तिथे राज्य कोणाचं आहे ते पाहिलं का? पण मुलगी बोलल्यापासून तिबेटी मार्केटमधल्या स्वेटरवाल्या बाईंसमोर उभं राहिलं की अवघडल्यासारखं होतं. दर हिवाळ्यात तिच्याकडूनच शाल घेते मी. जावं की न जावं?"

ताई,

तुमच्या पत्रात देव आहे, देश आहे, पैसा आहे. मला मात्र थांबवलं ते त्या स्वेटरवाल्या बाईंनी. घरातल्या वादात तिबेट हा नुसता शब्द आहे. तिच्या दुकानासमोर तो माणूस होऊन बसतो. तुम्हाला तिथे अवघडल्यासारखं झालं, हे तुमच्या विचारांचं सर्वांत सरळ टोक आहे. त्याला धरूनच पुढे जाऊ.

पण आधी "देवाच्या दारी राजकारण कशाला" याबद्दल. इतर एखाद्या तीर्थाबाबत हे कदाचित चालून जाईल, या यात्रेबाबत चालत नाही. चीनचं सैन्य १९५० मध्ये तिबेटात शिरलं. मे १९५१ मध्ये दडपणाखाली तिबेटी प्रतिनिधींनी सतरा कलमी करारावर सह्या केल्या. त्यानंतर एप्रिल १९५४ मध्ये भारताने चीनशी जो करार केला, ज्याला आपण पंचशील करार म्हणतो, तो मुळात "चीनचा तिबेट प्रदेश" आणि भारत यांच्यातल्या व्यापाराचा आणि ये-जा करण्याचा करार होता. भारतीय यात्रेकरूंना रूढीप्रमाणे कैलास-मानसरोवराला जाता येईल, असं त्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या कागदावर आपण तिबेटला चीनचा प्रदेश म्हटलं, त्याच कागदावर यात्रेकरूची सोय झाली. १९६२ मध्ये करार संपला, युद्ध झालं, वाट बंद झाली. १९८१ मध्ये लिपुलेखची वाट पुन्हा उघडली, २०१५ मध्ये नाथू लाची. २०१७ मध्ये डोकलामचा तंटा झाला आणि नाथू लाच्या तुकड्या परत फिरवल्या गेल्या. २०२० ते २०२४ यात्रा पूर्ण बंद होती: आधी कोविड, मग लडाखमधली तणातणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरच्या गस्तीबाबत समझोता झाला आणि जून २०२५ मध्ये सरकारी यात्रा पुन्हा सुरू झाली, तिच्यासाठी ७५० जणांची निवड झाली. कोविड सरल्यावरही तुमची यात्रा ज्या कारणाने अडून राहिली आणि यंदाची ज्या कारणाने जमते आहे, ती दोन्ही राजकारणातली आहेत.

अहिल्याबाईंचा दाखला तुम्ही सहज दिलात, पण त्यावर थांबण्यासारखं आहे. विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये उभं केलं. काशी तेव्हा होळकरांची नव्हती, तिच्यावर १७७५ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा वरचष्मा होता. गया, बद्री, रामेश्वर, सगळीकडे त्यांनी परमुलुखातच कामं केली. त्या काळी आणि नंतरही जो राज्यकर्ता असेल त्याला यात्रेकरू कर देत आले. प्रयाग, गया आणि पुरीचा यात्राकर कंपनी सरकारने १८४० मध्ये रद्द केला. कर देणाऱ्याने राजा मान्य केला, असं कोणी म्हटलं नाही. तेव्हा तुमचा दाखला चुकीचा नाही. फक्त तो पुरा करून पाहा. अहिल्याबाईंनी परमुलुखात घाट, धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रं ठेवली. तिथल्या माणसाला त्यांच्या श्रद्धेतून काहीतरी मिळालं. तुमच्या चौदा दिवसांतून तिबेटी माणसाला काय मिळेल आणि त्याच्यावर काय ओढवेल, हा त्या दाखल्यातून निघणारा प्रश्न आहे.

आता मुलीचा मुद्दा. तुर्कस्तान आणि तिबेट तिने एका पारड्यात टाकलेत, ते वेगळे करायला हवेत. मे २०२५ मध्ये आपल्याकडच्या हजारो लोकांनी तुर्कस्तानची तिकिटं रद्द केली, कारण त्या देशाने पाकिस्तानची बाजू घेतली होती. तो आपला राग होता आणि त्या देशाला तो कळावा म्हणून होता. तिबेटचा प्रश्न आपल्या रागाचा नाही, तिथे राहणाऱ्या लोकांवर काय होतं आहे याचा आहे. चीनवरचा राग म्हणून जायचं नसेल तर तसं म्हणावं, तेही योग्य कारण आहे. पण मग "तिबेटसाठी" असं म्हणू नये. मुलीला नीट विचारा, तिच्या मनात यातलं कोणतं आहे. कदाचित दोन्ही असतील, कदाचित तिलाही वेगळं करून पाहायला आवडेल.

यजमानांना मात्र सांगा की फोनचं उत्तर मागे घ्या. त्याने मुलगी गप्प होईल, प्रश्न सुटणार नाही. फोन विकत घेताना कोणी तिबेटी वाटाड्या तुमच्यासाठी जामीन राहत नाही. यात्रेत राहतो. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते.

मुलीच्या बोलण्यातलं दुसरं गृहीत असं, की गेलं नाही की आपले हात स्वच्छ राहतात. अशा प्रदेशांबाबत माझी पहिली कसोटी वेगळी आहे: तिथल्या लोकांचं म्हणणं काय? ते दर ठिकाणी वेगळं असतं. म्यानमारच्या लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटन वर्ष जाहीर केलं, तेव्हा आंग सान सू ची यांनी परदेशी लोकांना येऊ नका असं आवाहन केलं. ते न ऐकता जाणाऱ्याला उत्तर द्यावं लागत होतं. पुढे त्यांच्या पक्षाने ती भूमिका बदलली: लष्कराच्या खिशात पैसा घालणाऱ्या मोठ्या गटसहली नकोत, सुटे प्रवासी आले तर चालतील. तिबेटबाबत दलाई लामा, १९५९ पासून भारतात निर्वासित असूनही, सतत उलटं सांगत आले आहेत: तिबेटात जा, डोळ्यांनी पाहा, परत येऊन सांगा. सगळ्या तिबेट्यांचं मत एकच असेल असं नाही. बहिष्कार हवा म्हणणारेही आहेत. पण "तिबेटसाठी जाऊ नका" हे वाक्य तिबेटी नेतृत्वाचं नाही, एवढं मुलीला सांगता येईल. आणि "कब्जा" हा तिचा शब्द निर्वासित तिबेटी वापरतात, भारत सरकार नाही. सरकारने २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनचा भाग असल्याचं लेखी मान्य केलेलं आहे. तुम्ही कोणाशी सहमत व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बोलताना हा फरक ठाऊक असू द्या.

"मग आपल्याच हद्दीतून कैलास पाहू" हा पर्यायही तुमच्या मनात येईल. पिथौरागडमध्ये आदि कैलास आणि ओम पर्वत आहेत, धारचूलाला इनर लाइन परमिट मिळतं, गुंजीपर्यंत गाडी जाते. ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या लिपुलेखजवळच्या एका उंचवट्यावरून कैलासाचं दर्शनही सुरू झालं आहे. यजमानांच्या प्रकृतीला हे कदाचित जास्त झेपेल, आणि परिक्रमेचा हट्ट नसेल तर मी याचा मनापासून विचार करायला सांगेन. पण तंट्यापासून सुटका म्हणून जाऊ नका. कालापानी, लिपुलेख आणि गुंजीचा तो सगळा पट्टा नेपाळ आपला मानतो, मे २०२० मध्ये त्याने तो आपल्या नकाशात घेतला. हिमालयात देवळापर्यंत जाणारी वाट बहुतेकदा कुणाच्या तरी तक्रारीवरून जाते.

समजा, तिबेटातूनच जायचं ठरलं. मग पैशाकडे पाहू. तुमच्या यात्रेच्या रकमेचे तीन वाटे होतात. एक काठमांडूत राहतो: कंपनी, स्वयंपाकी, मदतनीस, बहुतेक नेपाळी. दुसरा सर्वांत मोठा असू शकतो आणि तो पलीकडे जातो. परदेशी माणसाला तिबेटात एकट्याने फिरता येत नाही. तिथली नोंदणीकृत कंपनीच परवाने काढते आणि गाडी, वाटाड्या, मुक्काम तिच्याचमार्फत होतात. सरकारी यात्रेतही तिबेटातला खर्च चिनी बाजूला डॉलरमध्ये द्यावा लागतो, त्यामुळे सरकारी यात्रेने हा वाटा चुकत नाही. तिसरा वाटा सर्वांत लहान, तो हातोहात जातो: घोडेवाला, हमाल, परिक्रमा जिथून सुरू होते त्या दारचेन गावातल्या ठेल्यावरची बाई, चहावाली. दुसऱ्या वाट्यावर तुमचा ताबा जवळजवळ नाही. तिसरा पूर्ण तुमच्या हातात आहे आणि बहुतेक यात्रेकरू नेमके तिथेच घासाघीस करतात.

म्हणून दुसरा हप्ता देण्याआधी कंपनीला लेखी विचारा. तिबेटातली भागीदार कंपनी कोणती? वाटाड्या तिबेटी असेल का? घोडा आणि हमाल कुठे, कोणत्या दराने ठरतात, आणि तो पैसा रकमेत धरलाय की वेगळा? सीमा ऐनवेळी बंद झाली तर कोणती रक्कम परत मिळेल, कोणती नाही? (परवाना आणि व्हिसाचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.) आजारी पडून मधूनच फिरावं लागलं तर खाली आणायची गाडी कोणाच्या खर्चाने? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर कंपनी बदला, पहिला हप्ता बुडाला तरी.

घोड्याचं गणित आधी समजून घ्या. परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची. घोडा आणि हमाल सुरुवातीलाच तिन्ही दिवसांसाठी ठरवावे लागतात. पहिल्या मुक्कामी डिरापुकला दमून "आता घोडा करू" म्हटलं तर मिळेलच असं नाही. उलट पहिल्या दिवशी माघार घेतली तरी तीन दिवसांचे पैसे जातात आणि जाऊ द्यावेत, कारण त्या घोडेवाल्याचे तीन दिवस तुमच्यासाठी अडकलेले असतात. डोल्मा ला या खिंडीनंतरच्या तीव्र उतारावर घोड्यावर बसता येत नाही, उतरून चालावं लागतं. गुडघे धड नसतील तर काठ्या घ्या. बक्षिशी वाटाड्याकडे "सगळ्यांना वाटा" म्हणून देऊ नका. युआनच्या सुट्या नोटा जवळ ठेवा आणि शेवटच्या दिवशी ज्याची त्याच्या हातात द्या. दिवसाला ५० ते १०० युआन मी योग्य समजेन. भारतीय रुपया तिथे चालत नाही.

दारचेनला तिबेटी बायका पताका, माळा विकतात. घ्यायचं ते त्यांच्याकडून घ्या. कातडी, जुन्या मूर्ती, यार्सागुम्बा (कीडाजडी) यांना हात लावू नका. वाटेवर "ओम मणि पद्मे हुं" कोरलेल्या दगडांच्या राशी दिसतील. आपले काही यात्रेकरू त्यातला एखादा "प्रसाद" म्हणून पिशवीत टाकतात. तो कुणाच्या तरी मेलेल्या आईच्या नावाचा असू शकतो. सरोवराच्या काठी स्नानाला आता बंधनं आहेत. वाटाड्या सांगेल तिथून पाणी घेऊन अंगावर घ्या आणि त्याच्याशी वाद घालू नका. नियम त्याने केलेला नाही, मोडला तर जाब मात्र त्यालाच विचारला जातो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे ते. तुमच्या तुकडीचं वागणं तिबेटी वाटाड्याच्या नावावर मांडलं जातं. तुम्ही काही बोललात, फोटो काढलात, कुणाला काही दिलंत, तर तुम्हाला फार तर परत पाठवतील. तुम्ही इंदूरला परत येणार. त्याचा परवाना जाऊ शकतो, चौकशी होऊ शकते, घरच्यांवरही बालंट येऊ शकतं. बहुतेक भारतीय यात्रेकरूंच्या हे ध्यानात येत नाही, आणि तेही भल्या मनाने. घोड्यावर बसल्या बसल्या आपुलकीने म्हणतात, "दलाई लामा हमारे यहाँ हैं, बहुत अच्छे हैं." आपल्याला वाटतं, त्याला बरं वाटेल. वाटेलही. पण आजूबाजूला कोण ऐकतंय हे त्याला माहीत असतं, आपल्याला नसतं. दलाई लामांचा फोटो बाळगणं तिथे गुन्ह्यासारखं मानलं जातं. क्वचित कुणी कानात फोटो मागतंही. नाही म्हणा. तो नकार त्याच्या भल्याचा आहे.

म्हणून घरून निघतानाच फोन तपासा. दलाई लामांची चित्रं, तिबेटचा ध्वज, २००८ च्या ल्हासातल्या उठावाचे किंवा आत्मदहनांचे व्हिडिओ, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेले गलवानचे विनोद, सगळं काढा. सीमेवर पुस्तकं आणि नकाशे पाहिले जातात. आपला भारताचा नकाशा, ज्यात अक्साई चीन आणि अरुणाचल आपल्या रंगात असतात, छापील स्वरूपात नेऊ नका, डायरीच्या मागच्या पानावरचासुद्धा. व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब चीनमध्ये बंद आहेत. रोमिंगवर काही वेळा चालतात, त्यावर भरवसा ठेवू नका. मुलीला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस संपर्क नसेल.

तिबेटी माणसाशी बोलू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. घोडा किती वर्षांचा आहे, मुलं किती, सातूचं पीक कसं आहे, हिवाळ्यात गुरं कुठे नेता, हे विचारा. तुमच्या घरचं सांगा. "इथे कसं वाटतं?", "चिनी लोक त्रास देतात का?" हे विचारू नका. उत्तर दिलं तरी त्याला धोका, नाही दिलं तरी त्याची कुचंबणा. त्याने आपणहून काही सांगितलं तर ऐका. नोंद करू नका, ध्वनिमुद्रण करू नका, संध्याकाळी जेवताना तुकडीतल्या इतरांना सांगू नका.

फोटोंचंही तसंच. चौक्या, सैनिक, पोलीस यांचे फोटो मनाई असते म्हणून काढायचे नाहीत हे सगळे सांगतात. चेहऱ्यांचं कोणी सांगत नाही. घोडेवाल्याचा फोटो त्याला विचारून काढा, पण परत आल्यावर फेसबुकवर त्याच्या नावासकट टाकू नका. वाटाड्याचं कौतुक करण्याच्या भरात "अमुकने आम्हाला तिबेटची खरी परिस्थिती सांगितली" असं कंपनीच्या पानावर लिहिणं म्हणजे त्याच्यावर तक्रार लिहिण्यासारखं आहे. कौतुक करायचं तर त्याने चालताना कशी काळजी घेतली ते लिहा.

एक बदल मी आग्रहाने सुचवेन, तारखेचा. फेब्रुवारीत लोसारपासून, म्हणजे तिबेटी नववर्षापासून, तिबेटी पंचांगाचं अश्ववर्ष लागतं. बारा वर्षांनी येणाऱ्या या वर्षात कैलासाच्या एका परिक्रमेचं पुण्य अनेक परिक्रमांइतकं, असं तिबेटी मानतात. त्यात सागा दावा या तिबेट्यांच्या पवित्र महिन्याची पौर्णिमा यंदा मेच्या अखेरीला आहे. त्या दिवशी परिक्रमेच्या वाटेवरचा तारबोचेचा उंच ध्वजस्तंभ नव्या पताकांनी सजवून उभा करतात. तुमची यात्रा नेमकी त्याच आठवड्यात येते. कंपन्या हे "विशेष आकर्षण" म्हणून विकतात. जरा तिबेटी यात्रेकरूच्या बाजूने पाहा. शेकडो मैलांवरून तो येतो, कित्येकदा दंडवत घालत. आपल्याच देशात या भागात यायला त्याला कागद दाखवावे लागतात. सागा दावाच्या दिवसांत सरकारी नोकरांना, विद्यार्थ्यांना धार्मिक कार्यक्रमांपासून दूर राहण्याचे आदेश निघाल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. तिबेट स्वायत्त प्रदेशातल्या सामान्य तिबेट्यांचे पासपोर्ट २०१२ मध्ये परत मागवले गेले, त्यामुळे बोधगयेला यायची त्याची वाट आधीच अरुंद आहे. दारचेनमधल्या खोल्या मोजक्या. ती गर्दीची पौर्णिमा त्यांच्यासाठी सोडा. पुण्य तुमचंही वर्षभर तेवढंच आहे.

मग कधी? जुलै-ऑगस्टमध्ये नेपाळच्या बाजूला पावसाने रस्ते तुटतात. जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा सीमेवरचा पूलच वाहून गेला, आणि तुमची केरुंगची वाट तिथूनच जाते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. रात्री पाणी गोठतं, पण आकाश स्वच्छ असतं. कंपनीला तारीख बदलायला सांगताना केरुंगला आणि पुढच्या सागा या गावी एकेक जादा मुक्काम मागून घ्या. केरुंग साधारण २८०० मीटरवर, सागा ४५०० च्या आसपास. हे अंतर स्वस्त यात्रांत एका दिवसात कापतात आणि माणसं तिथेच आजारी पडतात. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. मानसरोवर ४५९० वर, डोल्मा ला ५६०० च्या वर. ॲसिटाझोलामाइड साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. यजमानांची हृदयाची तपासणी इथेच करून घ्या. चालताना झोकांड्या जाणं, भ्रमिष्टासारखं बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, यातलं एक दिसलं तरी त्याच क्षणी खाली. नेपाळसारखं हेलिकॉप्टर तिबेटच्या बाजूला गृहीत धरू नका. तिथे तुम्हाला पाठीवर घेऊन उतरणारा तोच हमाल असतो, ज्याची बक्षिशी आपण आखडती घेतो.

सरकारी यात्रेचाही विचार करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्ज मागवतात, सोडत निघते, वय १८ ते ७०. दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते आणि उंचीवर पुन्हा होते, आणि बरोबर सरकारी संपर्क अधिकारी असतो. तीन आठवडे लागतात, पण उंची हळूहळू वाढते. यजमानांसाठी मला तीच जास्त सुरक्षित वाटते.

ज्यांच्यासमोर मानसरोवर नाही, दुसरा एखादा प्रदेश आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडून आता जॉर्जियाला पुष्कळ लोक जातात. त्या देशातून फुटून निघालेल्या अबखाझिया किंवा दक्षिण ओसेतियात रशियाच्या बाजूने शिरणं हा जॉर्जियाच्या २००८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो शिक्का घेऊन तिबिलिसीला गेलात तर अडकाल. क्रिमियात रशियाकडून गेलात तर युक्रेनच्या कायद्याने तो बेकायदा प्रवेश. सायप्रसच्या उत्तर भागातल्या एर्जान विमानतळावर उतरणं हे सायप्रस सरकारच्या लेखी बेकायदा आहे. अशा ठिकाणी आपण कोणत्या दाराने आत जातो यावरच राज्य कोणाचं हे आपण बोलून जातो, म्हणून तिकिटाआधी दार तपासा. विम्याचा कागद वाचा. युद्ध, दंगल आणि सरकारने "जाऊ नका" म्हटलेले प्रदेश बहुतेक पॉलिसींतून वगळलेले असतात. आणि वर लिहिलेली कसोटी तिथेही लावा: तिथले लोक या म्हणतात की येऊ नका, आणि तुमच्या चुकीची किंमत तिथे कोण मोजतो.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जा, पण मेअखेर नको, आणि या कंपनीकडून लेखी उत्तरं आल्याशिवाय नको. मुलीचा विरोध तरीही राहिला तर राहू द्या. तिला पटवून मगच निघायचं अशी अट घालून घेऊ नका. तिच्या बोलण्यामुळे तुम्ही तारीख बदललीत, घोडेवाल्याचा विचार केलात, हे तिला सांगा.

आणि तिबेटी मार्केट उठायच्या आत, या आठवड्यातच, त्या स्वेटरवाल्या बाईंकडे जा. शाल घ्यायला नको, बसायला. त्यांना सांगा की तुम्ही कैलासाला निघताय. मूळ गाव कुठलं, इथे वस्ती कुठे, ते विचारा. कदाचित त्या मैनपाटच्या असतील. सरगुजातली ती तिबेटी वसाहत २००० सालापर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात होती. त्या काही चिठ्ठी, फोटो किंवा पैसे तिकडच्या नातलगांसाठी देऊ लागल्या तर घेऊ नका, कारण पकडलं गेलं तर त्या नातलगांवर येईल, आणि हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. त्यांना काय हवं ते मात्र विचारा. बहुतेक तिबेटी मानसरोवराचं पाणी मागतील. अर्ध्या लिटरची झाकण घट्ट बसणारी बाटली घ्या, झाकणावरून चिकटपट्टी गुंडाळा, आणि विमानात हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात ठेवा. नोव्हेंबरमध्ये त्यांची दुकानं पुन्हा लागतील.